तीच घागर

आईला विसरण्याचा आजार जडला, तेव्हा मी लातुरातला एक वृद्धाश्रम बघायला गेलो. मी मास्तर माणूस. प्रश्नांची यादीच करून नेली होती. डॉक्टर कधी येतात, दाराला कुलूप असतं का, असले प्रश्न.

तिथल्या सेविकाबाई पन्नाशीच्या, पदर खोचलेल्या. उत्तरं मला देत होत्या, लक्ष मात्र एका आजींकडे. आजी ड्रममधून तांब्या-तांब्याने घागर भरत होत्या. घागर भरली तशा त्या निवांत खाटेवर जाऊन बसल्या. दुष्काळाचं वर्ष होतं, टँकर आठवड्याने यायचा. बाईंनी थेंबही न सांडता ते पाणी परत ड्रममध्ये ओतलं आणि रिकामी घागर जागच्या जागी ठेवली.

"पाणी आलं म्हणून दिवसातून चारदा उठत्यात," त्या म्हणाल्या. "हितं भरू दिलं न्हाई, तर रस्त्याला लागत्यात." मग सहज विचारलं, "तुमची माय कशापायी उठती?"

मी यादीची घडी घालून ती खिशात ठेवली. आई रोज दाराकडे निघायची आणि मी तिला दंड धरून परत बसवायचो. कुठं निघालीस, हे एकदाही विचारलं नव्हतं.