हत्ती तर घरातच आहे

हॅनोव्हरच्या आमच्या मराठी मंडळात सूत्रसंचालन कायम माझ्याकडे असतं. माझ्याहून चांगलं बोलणारं कुणी नाही म्हणून नव्हे. माझ्या हातातून माइक काढून घ्यायची कुणाची छाती होत नाही म्हणून. कॉलेजात मी एकांकिका गाजवल्या आणि इथे येऊन एका गोदामाच्या ऑफिसात एक्सेलचे रकाने भरत बसले. वर्षातून दोनदा मिळणारा तो माइक म्हणजे माझं उपवास सोडणं. आणि उपाशी माणूस किती खातो, हे ताटावर बसल्याशिवाय त्याचं त्यालाही कळत नाही.

यंदाच्या गणपतीत आम्ही ग्रँडमास्टर आजोबांना पाहुणे म्हणून बोलावलं.

हे आजोबा माझ्या मुलीच्या बुद्धिबळ क्लबात दर शुक्रवारी मुलांना शिकवतात. सोव्हिएत युनियन होतं तेव्हा त्यांना ट्राममध्ये लोक उठून जागा द्यायचे, न्हावी रांग मोडून आधी खुर्चीत बसवायचा. त्यांचा एक डाव अजून पुस्तकांत छापतात. मग देशच मोडला आणि ते बायकोला घेऊन इथे आले. "तुम्ही रशियन ना?" असं कुणी विचारलं की छाती काढून सांगतात, "मी सोव्हिएत ग्रँडमास्टर. देश रद्द झाला, पदवी चालू आहे." ती पदवी आता चालते ती क्लबाच्या चार भिंतींत. बेकरीत त्यांना कुणी ओळखत नाही. क्लबात मात्र कॉफी मशीनच्या वर त्यांचा तरुणपणीचा फोटो टांगलाय, वाफेने एका कडेला फुगलेला. आणि ते आत आले की टकले जर्मन इंजिनिअर शाळकरी पोरांसारखे ताठ उभे राहतात.

अलीकडे पालकांत कुजबुज होती. आजोबा नावं विसरतात. तीच गोष्ट पुन्हा सांगतात. वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा का, असं एका आईने अध्यक्षांना विचारलंही होतं. शुक्रवार गेला तर या माणसाच्या आठवड्यात वार असा उरणार नव्हता. हे मला ठाऊक होतं. तरीही पुढचं सगळं घडलं.

हॉल गच्च भरला होता. स्टेजवर बाप्पा, शेजारी क्लबातून आणलेला, भिंतीला टांगायचा मोठा पट, आणि जुन्या पण कडक इस्त्रीच्या कोटातले आजोबा. ते जर्मनमध्ये बोलणार, मी मराठीत सांगणार. त्यांनी तोच प्रसिद्ध डाव लावला होता. सांगता सांगता ते तरुण होत गेले. समोर कोण बसलं होतं, त्याच्या कपाळावर घाम कसा आला, हॉलमध्ये कशी टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती! मीही रंगात आले होते. त्यांनी हात वर केला की मी हात वर करत होते.

मग ते थांबले. बाप्पांकडे वळून त्यांनी मान लववली, सोंडेसारखा हात हलवला आणि म्हणाले, "आणि तेव्हा मी माझा एलेफांट दिला. फुकट. त्याच्या घशात!"

टाळ्या! मी गर्जले, "आणि तेव्हा आजोबांनी आपला हत्ती दिला!"

म्हटलं आणि पटाकडे पाहिलं. दोन्ही हत्ती आपापल्या कोपऱ्यात सुखरूप उभे होते.

सभ्य बाई गप्प बसली असती. मी पटाजवळ गेले, कोपऱ्यातल्या हत्तीला दोन बोटांनी थोपटलं आणि लोकांकडे वळून म्हणाले, "अहो आजोबा, हत्ती तर घरातच आहे! दिलाय म्हणता आणि अजून दारात झुलतोय!"

हॉल हसून कोसळला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्याने भागलं असतं, कारण आजोबांना मराठी येत नाही. पण हशा माझ्या डोक्यात गेला होता. मी त्यांच्याकडे वळून तेच जर्मनमध्ये सांगितलं, "हा बघा एलेफांट. इथेच उभा आहे," आणि पुन्हा ती सोंगटी थोपटली.

त्यांनी माझ्या बोटाकडे पाहिलं. मग पटाकडे. मग पुन्हा बोटाकडे. हसणाऱ्या सगळ्या लोकांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "जा, जा. नातुर्लिश." म्हणजे हो, हो, अर्थातच. आणि गोष्ट अर्धी टाकून ते खुर्चीत जाऊन बसले.

मी लगेच पुढचा कार्यक्रम पुकारला. लावणी होती.

परत येताना गाडीत मुलगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मामा, दास वार पाइनलिश." मी तिच्याशी मराठीत बोलते, ती उत्तर जर्मनमध्ये देते, आमच्याकडे हे असंच चालतं. मामा म्हणजे आई, आणि पाइनलिश म्हणजे लाजिरवाणं. त्या शब्दाच्या पोटात 'पाइन' आहे, म्हणजे यातना, हे इतकी वर्षं राहून मला त्या आठवड्यात कळलं.

"अगं, सगळे हसले की!" मी म्हणाले.

यजमान गाडी चालवत होते. मोजकंच बोलतात. "हसले ना," ते म्हणाले. "कुणावर, ते आठव."

"अहो, तुम्हाला विनोदच कळत नाही."

"गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, ते म्हणाले आणि सिग्नलला थांबले.

दोन दिवसांनी क्लबाच्या ग्रुपवर निरोप आला: आजोबा तब्येतीमुळे मुलांचा वर्ग थांबवत आहेत. खाली फुलं, हृदयं, आभार. आणि एका आईने लिहिलं होतं, वाईट वाटलं, पण भारतीयांच्या कार्यक्रमात ते स्वतःचाच डाव विसरले म्हणे, तेव्हा हेच योग्य.

'म्हणे.' ते म्हणणारी मी होते. माझा विनोद फिरत फिरत पुरावा होऊन परत आला होता.

मी करंज्यांचा डबा घेतला आणि त्यांचं घर गाठलं. करंज्या घेऊन कुणाची क्षमा मागतात का? पण रिकाम्या हाताने जाण्याची हिंमत नव्हती. आजींनी दार उघडलं. त्यांनी डबा घेतला, माझ्याकडे पाहिलं नाही. स्वयंपाकघराच्या टेबलावर पट मांडलेला होता, तोच डाव. आजोबा घरच्या स्वेटरमध्ये त्याच्यासमोर बसले होते. कोटाबाहेर किती लहान दिसत होते!

"मी तपासतोय," ते म्हणाले. "सगळ्या चाली बरोबर येतात. आल्झो, म्हणजे चाली आहेत. मग गेलंय काय? शब्द गेलाय. तुम्ही ज्याला हात लावलात, त्याला मी इतकी वर्षं काय म्हणत होतो?"

"टूर्म," मी म्हणाले. जर्मनमध्ये तो बुरूज असतो. "पण आमच्यात त्याला हत्तीच म्हणतात, आजोबा."

त्यांचा हात हवेत राहिला. "तुमच्यात कोपऱ्यातला हत्ती?"

"हो. तुमच्यात?"

त्यांनी पटाच्या कडेला पडलेली, मारली गेलेली सोंगटी उचलली. तिरका चालणारा तो. जर्मन त्याला धावपटू म्हणतात. "आमच्या भाषेत हा हत्ती. स्लोन. वर्गात मी मुलांना जर्मन नावंच सांगतो. त्या दिवशी तुमचा तो हत्तीचा देव समोर होता. म्हटलं, त्यांच्या देवाचा मान ठेवू. आपल्या शब्दात बोलू."

मान! त्या माणसाने माझ्या देवाचा मान ठेवला आणि मी त्याचं काय केलं? कान तापले माझे. नाटकात लाज दाखवायची तर मान खाली घालून पदराशी चाळा करतात. खरी लाज आली तेव्हा मला मान कुठे ठेवावी हेच सुचेना. मी त्या सोंगटीकडेच बघत राहिले.

"आणि याला?" त्यांनी तीच सोंगटी माझ्या नाकासमोर नाचवली. "याला तुम्ही काय म्हणता?"

"उंट," मी पुटपुटले. "कामेल."

मग आजोबांच्या पोटातून एक आवाज निघाला. मला वाटलं खोकला. ते हसत होते. "कामेल!" त्यांनी सोंगटीकडे बोट केलं, "एलेफांट!" मग माझ्याकडे बोट केलं, "कामेल!"

जर्मनमध्ये मठ्ठ माणसालाही कामेल म्हणतात. मी मान डोलावली. नेमणूक मान्य होती.

हसू ओसरेपर्यंत मी आजींना मदत करायला ओट्याशी गेले. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "त्या रात्रीपासून घरातल्या एकेका वस्तूवर बोट ठेवून मला नाव विचारतात. चमचा. खिडकी. बरोबर आलं तरी विश्वास बसत नाही." आणि त्यांनी करंज्या ताटलीत मांडल्या, सुबक, गोलाकार. मला त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

क्लबाच्या अध्यक्षांना मी त्याच संध्याकाळी फोन केला. हत्ती, उंट, बुरूज, धावपटू, सगळं प्राणिसंग्रहालय उलगडून सांगितलं. ते खदखदून हसले. म्हणाले, मग आजोबांनी जरूर यावं. मी म्हटलं, एवढ्याने भागणार नाही. नाव ज्यांच्यासमोर गेलं त्यांच्यासमोरच ते परत आलं पाहिजे.

आजोबांनी एकच अट घातली. गोष्ट पुरी करायची, आणि मी मराठीत सांगायची.

म्हणून शुक्रवारी क्लबाच्या खोलीत जर्मन पालक होते, पहिल्या रांगेत आजी होत्या, मंडळातली जमेल तेवढी मंडळी होती आणि भिंतीवर तोच पट होता. कोट तोच, इस्त्री ताजी. आजोबा त्याच जागी येऊन थांबले, आधी माझ्याकडे पाहिलं, मग ठणकावून म्हणाले, "आणि तेव्हा मी माझा एलेफांट दिला!"

त्यांनी तिरकी सोंगटी सरकवली.

"आणि तेव्हा आजोबांनी आपला हत्ती दिला," मी म्हणाले.

"उंट! उंट!" मंडळातली मंडळी ओरडली. "अहो वहिनी, इतकी वर्षं माइक धरताय आणि हत्ती-उंट कळत नाही?" खोली हसली. जर्मनांना काही कळलं नाही, पण तेही हसले. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं होतं, आजही आठवतंय. मी ते गिळलं. "हत्तीच," मी म्हणाले. "त्यांनी हत्ती दिला."

आजोबांनी डाव शेवटापर्यंत नेला. गोष्टीत प्रतिस्पर्ध्याने हात पुढे केला, हॉल उभा राहिला, आणि इथेही सगळे उभे राहिले. कॉफी मशीन वाफा सोडत होतं. वर्ग पुन्हा त्यांचाच झाला.

सगळे उठल्यावर खोलीत कोंदटलं होतं. आजोबा मला म्हणाले, "जरा ती..." आणि बोट काचेकडे केलं. मला शब्द येत होता. मी बोलले नाही. ते थांबले. आजींकडे पाहिलं. आजींनी डोळ्यांनी हो म्हटलं.

"खिडकी," ते म्हणाले. "ती खिडकी उघडा."

मी उघडली.