काळ्या टॅक्सीचं सील

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, ते गोड मानून घ्यावं, शाळा चौथीपर्यंतच झाली. आज दारात कुणाच्या तरी रिक्षातून तेल गळलं आणि त्या वासाने मंगळवार पेठेतली आमची जुनी काळी टॅक्सी आठवली. रोज सकाळी अंगण झाडताना तिच्याखाली तेल सांडलेलं असायचं, त्यावर मी चुलीतली राख टाकायची. एकदा मिस्त्री गाडीखालून निघून म्हणाले, "इंजिनाचं मागचं, तेल अडवायचं सील गेलंय. बदलायचं तर इंजिन उतरवाय लागतंय. न्हायतर तेल क्लचवर जाऊन पन्हाळ्याच्या चढाला गाडी मागं यील." आमचे मालक, म्हणजे माझे यजमान, हसले, "मग गाडीत बसल्यालं पावणं उतरून ढकलतील की!" पैसे नव्हते, म्हणून ते हसत होते. परक्या पुरुषासमोर मी कधी बोलत नसे, पण दाराआडून बोलून गेले, "पावण्यांत ल्हान पोरं असत्यात. इंजिन उतरवा." मालक म्हणाले, "आन् पैसं?" मी म्हटलं, "भिशीचं आणते." त्या महिन्याची भिशी शेजारच्या भाभींना लागली होती, त्यांना शिलाई मशीन घ्यायचं होतं. मी मागितल्यावर त्या म्हणाल्या, "घे की, पर तुझी लागली की ती माझी." सील बदललं, गाडी पन्हाळा चढू लागली. तेवढं बोलायचं धाडस मला कुठून आलं, हे अजून उमगत नाही. पावसाळ्यानंतर माझी भिशी लागली, ती तशीच भाभींच्या हातात ठेवली. त्यांनी माझ्यासमोर नोटा मोजल्या आणि म्हणाल्या, "फिटलं बघ सगळं."