मावसाजींचं जागं पाणी

देवरीपासून पूर्वेच्या डोंगरापर्यंत माझ्या मावसाजींनी चाखली नाही अशी एकही विहीर नव्हती, आणि ज्याला त्यांनी नाव दिलं नाही असं पाणीही नव्हतं. गोड किंवा खारट एवढंच म्हणून थांबणं त्यांना बाळबोध वाटे. त्यांच्या लेखी पाणी रागीट असे, झोपाळू असे, आणि सर्वांत उत्तम ते 'जागं' पाणी, जे घशाखाली उतरताना आतून हाक मारतं. उकळलेल्या पाण्याला ते सरळ 'मेलेलं' म्हणत. एका लग्नात त्यांनी पहिलाच घोट मांडवाबाहेर थुंकला आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "हिरीत बेंडूक मेला हाये गा. अगुदर तो काढा, मंग लगन लावा." दोन्हीकडची मंडळी भडकली. पण बादली फिरवल्यावर खरोखरच बेडूक निघाला, आणि पंगतीत नवरदेवाच्या आधी मावसाजींना वाढलं गेलं. मी गोंदियाला शिकत होतो तेव्हा ते आमच्या विहिरीच्या पाण्याची सुरई मांडीवर घेऊन बसने येत. "हे पे. इथलं पानी झोपाळू हाये, तूही झोपशील." आमच्या घराण्यात मीच पहिला पदवीधर झालो, त्यात त्या सुरईचा वाटा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

पदवी घेऊन मी गावी आलो त्या उन्हाळ्यात नाल्यापलीकडच्या टोल्यावर, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीत, हैजा म्हणजे पटकीची साथ लागली आणि दोन माणसं गेली. तालुक्याहून एक आरोग्यसेवक आला, त्याने आमच्या विहिरीत लाल दवा टाकली आणि तो पुढच्या गावी निघून गेला. पहिली घागर वर आली ती जांभळट पाण्याची. पाटलीणकाकू किंचाळल्याच, "बापा! हिरीत कोंबडा कापला का कोनं?" बायांनी घागरी पालथ्या केल्या आणि नाल्याची वाट धरली. नाल्याच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्यात पाणी निवळशंख दिसे खरं, पण त्याच नाल्याच्या काठावर, जरा वरच्या अंगाला, दोन्ही वस्त्या परसाकडे बसत. मी त्यांना आडवा गेलो आणि जंतू म्हणजे काय ते सांगू लागलो.

"तुले दिसले का जंतू?" काकूंनी विचारलं.

"डोळ्यांना दिसत नाहीत, काकू."

"मंग? आमाले लाल पानी दिसून राह्यलं ना! मावसाजीले चाखू दे. ते म्हनतील तं पेऊ, नाई तं चाललो झिऱ्यावर."

मावसाजी आले. चपला काढून, विहिरीला हात जोडून त्यांनी लोटा तोंडाला लावला. घोट तोंडात गेला मात्र, त्यांचे डोळे मिटले आणि गाल फुगले. लग्नाच्या मांडवातला तो चेहरा मी ओळखला. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग झिऱ्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या बायांकडे पाहिलं. आणि घोट गिळला.

"जागं पानी हाये," ते म्हणाले. "कायले भेता वो? भरा घागरी." मग त्यांनी उरलेला लोटाही सगळ्यांसमोर रिकामा केला.

हैजा नाल्याच्या अलीकडे आला नाही. पण त्या दिवसानंतर मावसाजींनी गावात कुणाचंही पाणी चाखून दिलं नाही. कुणी फारच आग्रह केला तर म्हणत, "जीभ बाटली गा माझी."

पुढे मला गोंदियाला शिक्षकाची नोकरी लागली. एकदा ते माझ्या खोलीवर आले, सुरईशिवाय. मी त्यांना उकळून, गाळून ठेवलेलं पाणी दिलं आणि देता देता माझीच मला लाज वाटली. त्यांनी ते सावकाश, थेंब न ठेवता प्यायलं.

"कसं हाये, मावसाजी?"

लोटा पालथा ठेवत ते म्हणाले, "जागं हाये गा."