वॉटी इम्लाखने उभा ठेवलेला दगड

क्रेगनॅथीची जमीन टॉडरिक घराण्याकडे साडेतीनशे वर्षं आहे, आणि त्या जमिनीचे गडगे इम्लाख मंडळी जवळपास तितकीच वर्षं घालत आली आहेत. चुना नाही, माती नाही. दगडावर दगड, भाराला भार. वॉटी इम्लाखचा गडगा डोंगरावरून उतरताना पाहावा. मेंढरं पाण्यावर जावीत तसा तो संथ उतरतो.

पण वॉटीचा खरा अभिमान दगडांचा नव्हता. टॉडरिकांच्या पिढ्या त्याला तोंडपाठ होत्या. कोणत्या सुनेबरोबर कोणतं कुरण आलं, कोणत्या भावाने पत्त्यांत दलदलीकडची जमीन घालवली, हे वडील काम करता करता सांगत, आणि त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. मोठ्या घरी पाहुणे आले की धनी त्याला बोलावणं पाठवत. वॉटी टोपी काढून दारात उभा राही, एक पेला व्हिस्की घेई आणि नऊ पिढ्या एका दमात म्हणून दाखवी. वर्षातून दोन-तीनदाच असं होई. पण तेवढ्यावर त्याचं वर्ष निघे.

मग धन्यांचा मुलगा पुढच्या ऑगस्टात एकवीस वर्षांचा होणार, त्या दिवशी दिवाणखान्यात घराण्याचा वंशवृक्ष लावायचा असं ठरलं. तो काढायला एडिंबराहून रोना कॅर्गिल आली. तिशीची, मऊ आवाजाची. जुनी दप्तरं वाचणं हाच तिचा धंदा. वॉटीला कोणी सांगितलंही नाही. दुकानात ओटचं पीठ घेताना त्याच्या कानावर आलं.

आपल्या शेतात दुसऱ्याचा नांगर फिरावा तसं त्याला झालं. तिची सायकल चर्चच्या दाराशी दिसली की तो कामावरून मान वर करी. ती गेली की दफनभूमीत जाई, तिने कोणत्या दगडावरचं शेवाळ घासलंय ते बघे, गवतात उमटलेले तिचे गुडघे बघे. त्याची बहीण टिबी त्याच्याबरोबरच राहायची. ती म्हणाली, "बायको केली असतीस तर तिच्यावरही एवढी नजर ठेवली नसतीस."

ऑक्टोबरात दफनभूमीचा गडगा एका जागी ढासळला. वॉटी तो पुन्हा रचत असताना गडग्याच्या पोटात भरलेल्या खड्यांमधून एक पातळ फरशी निघाली. पुसल्यावर अक्षरं दिसली: अलेक्झांडर टॉडरिक, वय वर्षं चार, आई जीन लम्सडेन, सतराशे एकोणचाळीस.

वॉटीने ती पुन्हा एकदा वाचली. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायचं ही इकडची रीत. ते मूल गेलं तरी नाव जाऊ द्यायचं नाही. पुढच्या मुलाला तेच लावायचं. म्हणजे जमीन ज्याच्याकडे आली तो अलेक्झांडर हा नव्हे. तो दुसरा, आणि जीन पहिल्याच बाळंतपणात गेलेली, म्हणजे तो बापाच्या दुसऱ्या बायकोचा. आणि दुसरी बायको क्रिस्तियन स्पिंक, पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी. चर्चच्या नोंदवहीतली त्या सालापासूनची काही वर्षं उंदरांनी खाल्लेली. वॉटीच्या वडिलांनीही सारा वंश खानदानी जीन लम्सडेनचाच सांगितला होता.

हे आता जगात एकट्या वॉटीला माहीत होतं. तिचा वृक्ष आधी भिंतीवर चढू दे, मग सगळ्यांदेखत हा दगड काढायचा, असं त्याने ठरवलं. आडवा बसवला तर काढताना वरचा सगळा भार उतरवावा लागला असता. म्हणून त्याने तो गडग्यात उभा सरकवला, अक्षरं आत करून. हाताने ओढला की निघावा. पापुद्र्यांचा दगड उभा ठेवू नये, वरून पाणी आत शिरतं आणि गोठलं की पापुद्रे सुटतात, हे गडगा घालणाऱ्याचं पोरही जाणतं. वॉटी मनाशी म्हणाला, एका हिवाळ्याने काय होतंय.

नोव्हेंबरात कॅर्गिल स्वतः त्याच्या दारी आली. म्हणाली, "मिस्टर इम्लाख, हा अलेक्झांडर त्र्याहत्तराव्या वर्षी बाप झालेला दिसतो. मला पटत नाही. थोरला लहानपणीच गेला असावा आणि त्याचं नाव धाकट्याला दिलं असावं. पण पुरावा नाही. तुमच्या कानावर काही आहे का?"

ती आपली आपणच तिथवर पोचली होती, तेच वॉटीला जास्त झोंबलं.

"दप्तरं तुमच्याकडे आहेत, बाई," तो म्हणाला. "मी दगडं रचणारा माणूस."

तिने चहा संपवला आणि आभार मानून गेली.

त्या हिवाळ्यात सात आठवडे जमीन गोठलेली होती.

ऑगस्टात वृक्ष लागला. काळ्याभोर रेषा, सुरेख अक्षर, आणि अलेक्झांडरच्या डोक्यावर जीन लम्सडेन. वॉटीला पिढ्या म्हणायला कोणी सांगितलं नाही. तेव्हा तोच पुढे झाला, हे चूक आहे, आई गिरणीवाल्याची क्रिस्तियन, पुरावा दफनभूमीच्या गडग्यात आहे म्हणाला, आणि तीसेक माणसं चांगल्या कपड्यांत त्याच्यामागून दफनभूमीत आली.

त्याने दगड ओढला. पाठीचा पापुद्रा हातात आला. अक्षरांची बाजू आतच गळून पडली होती, चुरलेल्या ओटच्या भाकरीसारखी. वॉटी गुडघ्यांवर बसून खडे चाळू लागला. धन्यांच्या शिकारीची राखण करणारा माणूस म्हणाला, "वॉटी, गिरणीवाल्याची पोर पळाली वाटतं." हशा झाला. धनी खाकरले, चल, एक पेला घे म्हणाले, आणि मंडळी परतली.

कॅर्गिल मागे राहिली. तिने कपच्या रुमालात गोळा केल्या, पण एकही अक्षर धड नव्हतं. मग विचारलं, "काय लिहिलं होतं?"

त्याने शब्दन् शब्द सांगितला.

"कधी वाचलंत?"

"ऑक्टोबरात."

तिने रुमालाची गाठ मारली. नोव्हेंबरातला तो चहा दोघांनाही आठवत होता. मग तिने पेन्सिल काढली. "तुमच्या नावाने नोंदवू?"

वॉटीने हातातले खडे खाली ठेवले. तो म्हणाला, "नोंदवा."

महिन्याभरात वृक्ष बदलून आला. सगळ्या रेषा अखंड. फक्त क्रिस्तियन स्पिंकपासून अलेक्झांडरपर्यंतची तुटक, आणि तिच्याशेजारी बारीक अक्षरात: वॉल्टर इम्लाख यांच्या सांगण्यावरून, पुरावा उपलब्ध नाही.

वॉटीने ती पाहिली आणि घरी येऊन बूट न काढताच बसला.

"बाकी सगळ्या अखंड काढल्या तिने," तो म्हणाला. "माझी तेवढी तुटक."

टिबी बटाटे सोलत होती. "तिने निदान काढली तरी," ती म्हणाली.