पाण्याचं कुत्रं

मुलांनो, "तुमच्या गावात बघण्यासारखं काय आहे?" असं तुम्ही मला फोनवर विचारलंत तेव्हा मी "कापूस आणि ऊन" म्हणून मोकळी झाले. ते उत्तर आता दुरुस्त करते.

इथे तेलंगणात, आदिलाबादपासून फार लांब नाही, अशा एका धरणात बेट आहे. धरण भरलं तेव्हा टेकडीचा माथा तेवढा पाण्यावर राहिला. तिथे पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. माझी भाची तिथे राहून पाण्याकाठच्या प्राण्यांचा अभ्यास करते आणि जखमी प्राणी बरे करून पुन्हा सोडते. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "मावशी, उद्या पिल्लू सोडतोय. येतेस?"

पिल्लू पाणमांजराचं होतं. शाळेत इंग्रजीच्या तासाला मी 'ऑटर' शब्द पाठ केला होता. तो प्राणी आपल्याच जिल्ह्यात पोहतो, हे मला नातवंडं झाल्यावर कळलं.

नावाड्याने हात धरून मला नावेत घेतलं. "बाई, तुमी मधात बसा. आन् छत्री मिटा, नाही तं वारं आपल्याले महाराष्ट्रात नेऊन सोडते."

मी छत्री मिटली आणि पिल्लू कुणाला सापडलं ते विचारलं.

"मलेच," तो म्हणाला. "पण मी पाणमांजर आणाले गेलोच नव्हतो. कुत्रं आणाले गेलो होतो."

झालं होतं असं. पलीकडच्या काठावरच्या एका तेलुगू कोळ्याने त्याला फोन केला. तेलुगूत पाणमांजराला नीटिकुक्का म्हणतात, म्हणजे पाण्याचं कुत्रं. त्या माणसाने आपल्या परीने मराठी करून सांगितलं, "पाण्याचं कुत्रं, लहान, तुझ्या जाळ्यात." नावाड्याला वाटलं, कुठल्या तरी गावचं पिल्लू वाहत आलं असेल. तो फडक्यात भाकर बांधून निघाला.

"आणि त्याने पाणमांजर म्हटलं असतं तर?"

"तं नसतो गेलो. खोटं काऊन बोलू? जाळे फाडते ते, मासे खाते. आमी त्याले शिव्याच देतो. पण मी भाकर समोर धरली, आन् ते माह्याकडं पाहून शिटी मारल्यावानी ओरडलं. पायात दोरा रुतला होता. मंग काय, माहं जाळं मीच कापलं. त्याच्यापेक्षा जास्त मीच फाडलं म्हणा ना."

बेटावर भाचीने मला आणि नावाड्याला झाडाआड बसवलं आणि बोलू नका म्हणून बजावलं. पिल्लाला माणसांची सवय लागू नये, म्हणून तिने स्वतःही त्याला कधी कुरवाळलं नव्हतं. पाय बरा झाला होता. प्रश्न एवढाच होता, की त्याचं कुटुंब त्याला परत घेईल का. एकटं राहून जगण्याएवढं ते मोठं नव्हतं. त्यांनी घेतलं नाही, तर जन्मभर प्राणिसंग्रहालय.

ऊन कललं तेव्हा भाचीने पिंजऱ्याचं दार उघडलं. पिल्लू खडकापर्यंत गेलं, पाण्याकडे बघत बसलं आणि ओरडू लागलं. पाणी तसंच सपाट. ते थकलं, पुन्हा ओरडलं. नावाडी पुटपुटला, "अरे, जोरानं ओरड ना."

मग पलीकडच्या खडकांमागून शिटी आली. चपटी, चकचकीत डोकी पाण्यावर दिसू लागली. त्यातलं एक मोठं जनावर वर चढलं, त्याने पिल्लाला हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि सरळ नाकाने ढकलून पाण्यात लोटलं. पाण्यात पडल्यावर कोणतं डोकं कुणाचं, ते ओळखू येईना.

"गेलं कुत्रं," नावाडी म्हणाला आणि तोंड फिरवून उगाचच दोर गुंडाळत बसला.

परतताना त्याने नाव लांबच्या वाटेने घेतली. "इकडून काऊन?" मी त्याच्याच बोलीत विचारलं. खडकांजवळची जाळी त्याने काढून दुसरीकडे टाकली होती, ती त्याला वाटेत बघायची होती. "तिकडं मासे कमी आहेत, बाई," तो म्हणाला. "पण शिव्या तं वाचल्या."

भाचीचे आणि त्याचे आभार मी तिथेच मानले. पलीकडच्या त्या कोळ्याला मात्र मी पाहिलेलंही नाही. त्याचं मराठी कच्चं होतं, याबद्दल मी त्याची मनापासून आभारी आहे.