आत्यांचं ओलं गोणपाट

आमच्या समोरच्या पत्र्याच्या घरात राहणाऱ्या आत्यांचा या जगात कशावरही भरवसा नाही. देवावर आहे, पण तोही नजरेखालून घालूनच. देवळात नारळ देताना त्या तो आधी कानाशी हलवतात, आणि पुजाऱ्याकडून अर्धी वाटी परत आली की ती आपल्याच नारळाची आहे का, हे करवंटीवरच्या रेषा बघून ठरवतात. त्या माझ्या कुणी सख्ख्या नाहीत. लग्न होऊन मी उमरग्याला आले तेव्हाही सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणत होती, म्हणून मीही म्हणते, आणि त्या मला सूनबाई म्हणतात. गिरणीत ज्वारी दळायला ठेवताना त्या डब्यातली ज्वारी हातानं सपाट करतात आणि वर आपला पंजा दाबून उठवतात, म्हणजे मूठभर कुणी काढली तर कळावं. गिरणीवाला एकदा म्हणाला, "आत्या, दळायला घेतल्यावर पंजा मोडणारच की." त्यावर आत्या म्हणाल्या, "मोड की. पण माझ्यासमोर मोड." तुळजापूरच्या गाडीत बसताना त्या आधी ड्रायव्हरला विचारतात, मग कंडक्टरला, मग शेजारच्या बाईला, आणि जळकोट मागं पडेपर्यंत मांडीवरची पिशवी खाली ठेवत नाहीत. जगाला देत नाहीत ती सवलत स्वतःलाही देत नाहीत. कुलूप लावून चार पावलं गेल्या की माघारी येऊन ओढून बघतात. मी एकदा म्हटलं, आत्ताच तर लावलं तुम्ही. तर म्हणाल्या, "म्याच लावलं असं मला वाटतंय. पण माझं काय खरं?"

या स्वभावाचं मला हसू यायचं, पण दोन उन्हाळ्यांपूर्वी ते हसू गेलं. आत्या एकट्या राहतात आणि दुपारी दार आतून कडी घालून बंद करतात, कारण दुपारी गल्लीत कोण कोण फिरतं याचा नेम नाही. घराला खिडकी एकच, तीही फळीनं बंद केलेली. वर पत्रा. वैशाखात आमच्या सिमेंटच्या घरात पाठ टेकवत नाही, तिथं पत्र्याखाली काय होत असेल? त्या दिवशी दोनच्या सुमाराला त्यांच्या घरातून भांड्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. मी दार वाजवलं, हाका मारल्या, शेवटी चार माणसांनी कडी मोडली. आत्या चुलीपाशी आडव्या पडल्या होत्या, अंग तव्यासारखं. दवाखान्यात सलाईन लागल्यावर डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "कडी कुणी मोडली?" घरी आल्यावर त्यांनी एका कडीच्या जागी दोन बसवल्या. तेव्हापासून दुपारी माझा एक कान त्यांच्या घराकडे असतो. भांडं वाजलं की मी पुढचं काम करते.

मागच्या वर्षी शिमगा झाल्यावर एक मॅडम आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. हवेचा अभ्यास करणाऱ्या कुठल्याशा संस्थेच्या होत्या. त्यांनी गल्लीला गोळा करून सांगितलं की पुढच्या वर्षांत ऊन आणखी वाढणार आहे, आणि गावात सगळीकडे ते सारखं पडत नाही. कुठली गल्ली किती तापते हे मोजलं तर उन्हाची लाट यायच्या दोन दिवस आधी त्या गल्लीला सांगता येईल, आणि जिथं जास्त तापतं तिथले पत्रे नगरपालिका पांढऱ्या रंगानं रंगवून देईल. पांढऱ्या पत्र्याखाली घर बरंच निवतं म्हणाल्या. मी मागं उभी होते. पांढरा पत्रा म्हटल्यावर मी समोरच्या घराकडेच बघितलं.

आत्या पुढं होत्या. त्यांनी मॅडमना खालून वरून न्याहाळलं आणि विचारलं, "फुडच्या सालाचं ऊन तुला ठाव हाय?"

"अंदाज करता येतो, आत्या. संगणकावर."

"मग हे सांग, उद्या माझ्या कुरडया वाळतील का?"

मॅडमनी मोबाईल बघितला आणि हसून म्हणाल्या, वाळतील. दुसऱ्या दिवशी कडकडीत वाळल्या. आत्यांनी एक कुरडई उलटीपालटी केली आणि मला म्हणाल्या, "वाळल्या, पर एका अंगानं." पुढं हेही म्हणाल्या, "लिहून नेणारे लई येत्यात, सूनबाई. आणून देणारा एक दाखव." आमच्या गल्लीतून नळाचं, गटाराचं, दिव्याचं लिहून नेलेलं मीही पाहिलं आहे.

मोजायचं यंत्र गल्लीच्या मधोमध, पत्र्यावर बसवायचं होतं, म्हणजे आत्यांच्याच घरावर. नाही म्हणतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या लगेच हो म्हणाल्या. कारण मला नंतर सांगितलं, "दुसऱ्याच्या घरावर बसलं तर त्याच्यावर ध्यान कोण ठेवणार?" यंत्र म्हणजे काठीवर एकावर एक पालथ्या घातलेल्या पांढऱ्या बश्या, आणि आत कायतरी तारा. आत्यांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडे तासभर बघितलं आणि निकाल दिला की ते ऐकतं. ऊन मोजायला एवढ्या फटी कशाला? दुपारी आम्ही बायका त्यांच्या भिंतीच्या सावलीत बसून बोलतो, ते सगळं त्या फटींतून कुठंतरी जात असणार. म्हणून त्यांनी उपाय काढला. रोज अकरा वाजता स्टुलावर चढून यंत्राला गोणपाट घालायचं आणि बायका उठून गेल्या की चारला काढायचं. पहिल्या दिवशी गोणपाट वाऱ्यानं उडून गटारात पडलं, तेव्हा दुसऱ्या दिवसापासून जड व्हावं म्हणून बादलीत भिजवून घालू लागल्या. दोनदा वाळायचं, दोनदा पुन्हा भिजवायच्या. पंधरा दिवसांत एकही नागा नाही. मॅडम यायच्या त्या सकाळी नऊला. यंत्र बघायच्या, आत्यांना नमस्कार करायच्या, जायच्या.

मग माझ्या मोबाईलवर संस्थेकडून गल्लीच्या उन्हाचे निरोप यायला लागले. बाहेर चपलेचे तळवे चिकटत होते आणि मोबाईल म्हणत होता की आज तुमच्या भागात उष्णता कमी राहील. मी वाचून दाखवलं की आत्यांना जेवण गोड लागायचं. "बघ. म्या पहिल्या दिवशी म्हणलं होतं. खोटं बोलतंय ते." मला यात काहीतरी चुकतंय असं वाटायचं, पण काय ते धरता येत नव्हतं. एका दुपारी माठाला गुंडाळलेलं फडकं वाळलं म्हणून मी ते भिजवून परत गुंडाळत होते, आणि तेवढ्यात समोर आत्या स्टुलावर चढून भिजवलेलं गोणपाट यंत्रावर घालत होत्या. माझे हात तिथंच थांबले. ओल्या फडक्यानं माठ गार होतो, तर ओल्या गोणपाटानं यंत्र का होणार नाही? यंत्र खोटं बोलत नव्हतं. आत्या त्याला रोज थंड करून विचारत होत्या.

सांगायला मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. एकदा कुरडई घेऊन परत आले, एकदा वाटीभर ताक. कुणाला तोंडावर काही सांगायचं झालं तर मला जमत नाही, हे जुनंच आहे. आणि आत्यांना तुमचं चुकलं म्हणायचं म्हणजे गल्लीत कुणाचीच छाती नव्हती. शिवाय त्यांनी मलाच एकटीला पैसे ठेवायच्या चहाच्या डब्याची जागा दाखवलेली होती.

आठवड्यानं मॅडम संध्याकाळी पाचच्या सुमाराला कागद घेऊन आल्या. त्यावर गावाचा नकाशा, तापणाऱ्या गल्ल्या लाल आणि आमची एकटी हिरवीगार. मॅडम फार खूष होत्या. म्हणाल्या, एवढे पत्रे असून तुमची गल्ली दुपारी एवढी थंड कशी, याचा आम्ही विचार केला. हा कोपऱ्यावरचा कडुलिंब असणार, आता बाकीच्या गल्ल्यांतही लिंब लावायला सांगणार आहोत. आम्ही सगळ्यांनी लिंबाकडे बघितलं. त्याच्या सावलीत एक शेळी बसली होती, तीही अर्धी उन्हात. मग मॅडम म्हणाल्या की रंगाच्या यादीत तुमची गल्ली घेता आली नाही, यादी सोमवारी पुढं जाईल.

आत्या म्हणाल्या, "म्या म्हणलंच होतं. देणार न्हाईत."

मला आत्यांच्या दाराच्या त्या दोन कड्या दिसल्या. मी घरात जाऊन माठ उचलून आणला आणि मॅडमपुढं ठेवला. म्हटलं, "याला हात लावून बघा. हे फडक्यानं झालंय. तुमच्या यंत्रालापण असंच घातलेलं असतं रोज. ओलं गोणपाट."

आत्या माझ्याकडे बघत राहिल्या. गिरणीत ठेवलेल्या डब्यावरचा पंजा आपल्यामागं मोडलेला दिसावा, तसं. मॅडम स्टुलावर चढल्या, गोणपाट वर यंत्रापाशीच दोरीवर वाळत होतं, त्याला हात लावला आणि तशाच हसायला लागल्या. लिंबाकडे बघून आणखी हसल्या. खाली येऊन म्हणाल्या, "आत्या, आठ दिवस झाकू नका. यादी मी थांबवते. पुन्हा आकडे घेऊ."

"आन् म्या झाकलं न्हाय, हे तुला कसं कळंल?"

"तुमच्यावर विश्वास ठेवते की."

"असा कुणावर ठेवत असत्यात व्हय?" आत्या मॅडमवर रागावल्याच. घरात गेल्या, गोणपाटाची घडी घातली, सुतळीनं बांधली, गाठ मारून गाठीवर ओला चुना लावला आणि ते गाठोडं माझ्या हातात दिलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे तुज्याकडं ठेव. माझा माझ्यावर भरवसा न्हाय."

आकडे पुन्हा घेतल्यावर नकाशात आमची गल्ली लाल झाली. रंगवायला माणसं आली तेव्हा आत्या दिवसभर शिडी धरून उभ्या होत्या, आणि रंग ओला असताना वर चढून त्यांनी पत्र्याच्या कोपऱ्यात आपला पंजा उठवला, उद्या कुणी पत्रा बदलून नेऊ नये म्हणून. आमच्या गच्चीवरून तो दिसतो. एवढी मोठी बाई, पण पंजा लहान पोरीसारखा आहे, हे मला तेव्हा कळलं. आता निरोप आला की मी तो समोर जाऊन वाचते, आणि ज्या दिवशी ऊन जास्त सांगितलेलं असतं त्या दुपारी त्यांचं दार वीतभर उघडं असतं. त्या फटीत पाटा आडवा लावलेला असतो, ते सोडा.

सुरुवातीला दर चार दिवसांनी आत्या गाठोडं बघायला यायच्या. मी कोनाड्यातून काढून दाखवायची, त्या गाठीवरचा चुना बघायच्या आणि जायच्या. या उन्हाळ्यात त्या आल्याच नाहीत. मी वाट बघितली आणि परवा मीच गाठोडं घेऊन गेले. आत्या बाजेवर पडल्या होत्या, पहिल्यापेक्षा जरा वाळलेल्या. म्हणाल्या, "कशाला आणलंस? तुज्याकडं हाय न्हवं?"

मला बरं वाटायला हवं होतं. मी घरी आले, गाठोडं कोनाड्यात ठेवलं, आणि ठेवताना गाठ तीच आहे का ते एकदा बघून घेतलं.