तळातला नमुना

"सीजेडी," असं म्हणून डॉक्टर थांबले. मला हायसं वाटलं. हो, हायसंच. वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, पण पुढचं ऐका.

"क्रॉइट्झफेल्ट-याकोब डिसीज," त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. मी वही पुढे केली, त्यांच्याकडूनच लिहून घेतलं. मग ते समजावत गेले. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत प्रायॉन नावाचं एक प्रोटीन असतं. क्वचित एखाद्या माणसात, काही कारण नसताना, त्याची घडी चुकते. चुकलेलं प्रोटीन शेजारच्याची घडी बिघडवतं. असं करत करत मेंदू पोखरला जातो. औषध नाही. काही महिने हातात आहेत.

"म्हणजे यायनं काही पेलं नाही न?" मी विचारलं.

डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले. "नाही हो बाई. कोण म्हणालं तसं?"

कोण नाही म्हणालं ते विचारा.

आमचे हे राळेगावच्या बाजूला कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस. गाडी आली की पांढराशुभ्र कापूस वर, कवडी म्हणजे किडका-डागी कापूस आणि पाला खाली, हे ठरलेलंच. हे बाही वर सारायचे, कोपरापर्यंत हात गाडीत घालायचे आणि तळातून चिमूटभर काढायचे. दोन अंगठ्यांत धरून ओढलं की धागा किती लांब ते तोंडानं सांगायचे. गाडीवाला कुरकुरायचा, "भाऊ, वरून पाहा न!" हे हसायचे, "वरचा तर तू दाखवूनच राह्यला. तळातला मी पाहातो."

दिवाळीनंतर हंगाम भरात आला आणि एक दिवस हे घरी येऊन म्हणाले, "अवं, बोटाले कापूसच समजून नाही राह्यला."

मी म्हटलं, "चष्मा बदला." मी हसलेसुद्धा. तुम्हीही हसाल, म्हणून सांगते. पहिलं लक्षण असंच साधं असतं.

पंधरा दिवसांत चहा कपाच्या बाहेर ओतू लागले. पायरी चुकू लागली. मुलीला तिच्या नावाऐवजी माझ्या नावानं हाक मारू लागले. मग अंगाला झटके. त्याला मायोक्लोनस म्हणतात, झोपेत आपण दचकतो तसं जागेपणी पुन्हा पुन्हा दचकणं. आणि एका सकाळी धाकट्या दिराच्या शेताच्या बांधावर कोसळले. तोंडाला फेस.

ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. माणूस शेतात पडला आणि तोंडाला फेस आला, तर विष घेतलं याशिवाय दुसरं काही कुणाच्या मनात यायचंच नाही. तालुक्याच्या दवाखान्यात पहिला प्रश्न तोच. मी डॉक्टरांना दोष देत नाही. शेजारच्या दोन्ही खाटांवर फवारणीचं विष पोटात गेलेली माणसं होती. यांच्याही नाकात नळी घातली, अ‍ॅट्रोपीन दिलं. फवारणीच्या विषावरचा तो उतारा. त्यानं तोंड कोरडं पडतं, माणूस बरळतो. हे बरळायला लागले की डॉक्टर म्हणायचे, औषधानं होतंय, उतरेल. ते उतरलं नाही.

आता माझं सांगते. दिराची फवारणीची बाटली आमच्या खाटेखाली असायची, कारण त्यांच्या घरी लेकरं लहान. मी घरी येऊन आधी ती बाटली ओढून काढली. सील शाबूत होतं. तरी दवाखान्यात परतले आणि यांचं तोंड हुंगलं. सदरा हुंगला. तीस वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याचं तोंड मी चोरासारखं हुंगलं.

धाकटी जाऊ शोभा डबा घेऊन आली. "ताई, कायले लपवता? घरच्याच न आम्ही?"

"काही घेतलं नाही वं त्यायनं."

"सगळ्या बाया असंच म्हणतात."

दहा दिवसांनी तिथल्याच डॉक्टरांनी हात टेकले आणि नागपूरला पाठवलं. एमआरआय झाला, म्हणजे मोठ्या नळकांड्यात सरकवून मेंदूचे फोटो. ईईजी झाला, डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख. पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं. बाकड्यावर बसून मी वाट पाहायची आणि एकच घोकायची, काही निघो, पण विष न निघो. म्हणून हायसं वाटलं.

नाव कळलं तशी वॉर्डातली एक मावशी ताट लांबून सरकवू लागली. तिथे एक शिकाऊ डॉक्टर होती, आर्णीची पोरगी. तिनं माझ्यासमोर यांचा हात हातात घेतला. "काकू, शिवल्यानं, भरवल्यानं हा रोग लागत नाही. खुशाल जवळ बसा." त्या दिवसापासून प्रत्येक घास मी माझ्या हातानं भरवला.

तिलाच मी विचारलं, औषध नाही तर कुणी शोधून तरी राह्यलं का?

"शोधताहेत की," ती म्हणाली. हे प्रोटीन म्हणजे मण्यांची लांब माळ. प्रयोगशाळेत अख्खी माळ घेत नाहीत. एकशेसहावा मणी ते एकशेसव्विसावा, एवढाच एकवीस मण्यांचा तुकडा यंत्रानं बनवतात. बशीत वाढवलेल्या मेंदूच्या पेशींवर तो टाकला की पेशी मरतात. मग वेगवेगळी औषधं घालून बघायचं, कशानं वाचतात. त्या तुकड्यानं कुणाला रोग होतो असं दिसलेलं नाही, म्हणून त्यावर काम करायला बरं.

मी म्हटलं, "चिमटीवरून गाडी सांगता येते, बाई. पण चिमटी कुठून काढली त्यावर आहे सगळं."

ती खळखळून हसली. "काकू, आमचे मोठे मोठे लोक यावरच भांडतात! एवढ्याशा तुकड्यावरून पूर्ण रोग कळतो का म्हणून."

"आणि यांचं? यांचं पक्कं कशानं कळंल?"

तिचं हसू गेलं. "मेंदूचा नमुना पाहिल्यावरच. तो... नंतर काढतात."

मी त्याच बाकड्यावर ठरवलं, नमुना द्यायचा. दीर ऐकेना. "वहिनी, माणसाले असं चिरू देता?"

"तुमच्या भावानं जिंदगीभर लोकायच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला. त्यायच्याच वक्ताले वरून पाहून सोडू म्हणता?"

दिरांनी खिशातला पेन काढला. मग म्हणाले, "सही कुठं करायची?"

हे उन्हाळा लागता लागता गेले. शेवटचे कितीतरी दिवस त्यांनी मला ओळखलं नव्हतं. पण चादर दोन अंगठ्यांत धरून ओढायचे, शेवटपर्यंत.

नमुना लांबच्या मोठ्या संस्थेत गेला. कागद यायला बरेच महिने लागले. पहिल्या स्मृतिदिनाला बुद्धवंदना झाली, खीर वाटायची होती, तेव्हा मी उभी राहिले. कागद इंग्रजीत होता, आर्णीच्या डॉक्टरनं मराठी करून दिलं होतं. मी वाचलं. मेंदूत घडी चुकलेलं प्रायॉन सापडलं, रोग सीजेडीच, पक्का. आणि मी म्हटलं, "यायनं काही घेतलं नव्हतं. शक तुमी सगळ्यायनं घेतला, पण तोंड हुंगणारी पहिली मी होती. तेही ऐकून घ्या."

खीर वाढताना शोभा माझ्याजवळ वाकली. "ताई, त्या दिवशी खाटेखाली मीनंबी पाह्यलं होतं. सील होतं. तरी म्हटलं मी."

"वाढ वं, लोकं थांबले," मी म्हटलं. तिच्या हातून सांडत होतं, मी वाटी धरली.

तुमच्या घरी असं कुणी महिन्याभरात झपाट्यानं बदलू लागलं, तोल जाऊ लागला, झटके येऊ लागले, तर मेंदूच्या डॉक्टरकडे लवकर न्या. रोग कदाचित बरा होणार नाही, आमचा झाला नाही. पण नाव विचारा, लिहून घ्या. नाव कळलं की माणूस आपला राहतो. ती आर्णीची पोरगी आता मोठी डॉक्टर आहे. मी फोनवर विचारते, सापडलं का औषध? ती म्हणते, अजून नाही, काकू, पण बशा चालू आहेत. तिचे, त्या दवाखान्याचे, सही करणाऱ्या माझ्या दिराचे उपकार मी विसरत नाही.

परवा गादी भरायला गेले होते. यांच्यासारखी बाही वर सारली आणि कापसाच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. गादीवाला ओरडला, "आजी, वर-खाली सगळा एकच आहे!"

"असंल बापू," मी म्हटलं, आणि तळातला काढला.